पाटी बदलली, पान बदलेना

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राची मंजुरी जाहीर झाली आणि औरंगाबाद शहर छत्रपती संभाजीनगर झाले. जिल्हा आणि महसुली विभागाच्या नावांची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली. रेल्वे स्थानकाला नवे नाव मिळायला ऑक्टोबर २०२५ उजाडले. नामांतरावर मत देणे हे या मासिकाचे काम नव्हे. ते करणारे पुष्कळ आहेत. पण वेबसाइट बांधून पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी या घटनेत एक कामाची गोष्ट आहे. वाळूज-चिकलठाण्यातले सुटे भाग बनवणारे कारखाने, अजिंठा-वेरूळच्या पर्यटकांवर चालणारी हॉटेले, पैठणी-हिमरूची दुकाने, शाळा, दवाखाने, पतसंस्था या सगळ्यांच्या साइटवरचा एकच शब्द एकाच काळात बदलायची वेळ आली, आणि तीही हप्त्याहप्त्याने. वर्डप्रेससोबत येणारा ब्लॉक एडिटर वापरावा की एलिमेंटॉर, डिव्ही, डब्ल्यूपीबेकरी यांच्यासारखा पेज बिल्डर, या जुन्या वादाला इतका चांगला पुरावा कुणाला ठरवूनही गोळा करता आला नसता.

हा वाद आपल्याकडे नेहमी पहिल्या आठवड्याच्या हिशेबावर लढला जातो. साइट किती लवकर उभी राहते, डेमो पाहून क्लायंट खूश होतो का, शिकाऊ मुलाला काम जमते का, एवढेच पाहिले जाते. आमच्या मते निर्णय तिसऱ्या वर्षाच्या हिशेबावर व्हावा. ज्या पानावरचा मजकूर पुढे बदलणार आहे, तो मजकूर वर्डप्रेसला स्वतःला वाचता, शोधता आणि बदलता येईल अशा जागी असला पाहिजे. ब्लॉक एडिटर ही अट पाळतो, बहुतेक पेज बिल्डर पाळत नाहीत. म्हणून मजकुराची पाने ब्लॉक एडिटरमध्येच करावीत आणि पेज बिल्डरला कारण असेल तिथेच हात लावावा.

ही अट पोकळ वाटू नये म्हणून डेटाबेसमध्ये उतरून पाहू. ब्लॉक एडिटरमध्ये लिहिलेला परिच्छेद ‘पोस्ट्स’ टेबलातल्या मजकुराच्या रकान्यात साध्या एचटीएमएलमध्ये बसतो. भोवती ब्लॉकची खूण सांगणाऱ्या दोन टिप्पण्या असतात, एवढेच. मराठी अक्षरे तिथे मराठीच दिसतात. एलिमेंटॉरचे तसे नाही. त्याचा खरा मजकूर ‘पोस्टमेटा’ टेबलात जेसॉनच्या एका लांबलचक ओळीत असतो, आणि त्या ओळीत इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी राहत असली तरी देवनागरी अक्षरांच्या जागी त्यांचे युनिकोड क्रमांक बसतात. ‘औरंगाबाद’ या शब्दाचा ‘औ’ तिथे ०९१४, ‘र’ ०९३० आणि अनुस्वार ०९०२ होऊन बसलेला असतो. याचा परिणाम असा, की शोधा-बदला चालवल्यावर इंग्रजी पानावरचे नाव मुकाट्याने बदलते आणि मराठी पानावरचे तसेच राहते. डब्ल्यूपी-सीएलआयची आज्ञाही इथे हात टेकते, कारण तिला दिलेला शब्द त्या रूपात तिथे नसतोच. एलिमेंटॉरच्या ‘टूल्स’मध्ये बदलण्याची सोय आहे, पण ती वेबपत्त्यांसाठी; शब्दांसाठी नाही.

याहून वाईट सापळा पुढे आहे. एलिमेंटॉर आपल्या मजकुराची एक साधी नक्कल मूळ रकान्यातही ठेवतो. ही सोय चांगली आहे. प्लगइन बंद केले तरी निदान शब्द उरतात. पण शोधा-बदला चालवणाऱ्याला तिथे ‘औरंगाबाद’ सापडते, बदललेही जाते, आणि इतक्या जागी बदल झाला असा अहवाल येतो. पान उघडावे तर जुनेच नाव समोर, कारण पान नकलेवरून उभे राहत नाही, जेसॉनवरून राहते. आपण कॅशेला दोष देतो, ब्राउझर बदलून पाहतो, होस्टिंगवाल्याला फोन करतो. दरम्यान कुणी तेच पान एलिमेंटॉरमध्ये उघडून ‘अपडेट’ दाबले, की नक्कल नव्याने तयार होते आणि बदललेले नावही परत जुने होते.

डब्ल्यूपीबेकरीची तऱ्हा वेगळी. त्याचा मजकूर चौकटी कंसांतल्या शॉर्टकोडमध्ये पण मूळ रकान्यातच असतो, त्यामुळे परिच्छेदातले नाव सापडते. मात्र ‘रॉ एचटीएमएल’ चौकटीत टाकलेली गोष्ट बेस६४ मध्ये गुंडाळून ठेवली जाते. आपल्याकडे त्या चौकटीत काय टाकतात? बहुतेकदा गूगल मॅपचा तुकडा आणि त्याखाली कार्यालयाचा पत्ता. म्हणजे शहराचे नाव जिथे हमखास असणार, तीच जागा शोधाला दिसत नाही. हे प्लगइन काढून टाकले तर पानभर शॉर्टकोडचे कंस उघडे पडतात, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. डिव्हीचेही अनेक वर्षे हेच होते. पाचव्या आवृत्तीत त्यांनी शॉर्टकोडची पद्धत सोडून मजकूर साठवण्याची रचनाच बदलली, यात पुरेशी कबुली आहे.

नावाची लांबी हा दुसरा पुरावा. इंग्रजीत जुने नाव १० अक्षरांचे. नवे, मधली रिकामी जागा धरून, २५ अक्षरांचे. डेटाबेसमध्ये थेट एसक्यूएल चालवणाऱ्यांना याचा फटका आधी बसतो, कारण थीमच्या सेटिंग्ज सीरियलाइज्ड रूपात असतात आणि त्यात प्रत्येक शब्दाची लांबी आकड्यात नोंदलेली असते. आकडा १० चा राहिला आणि शब्द २५ चा झाला, की ती सेटिंग वाचलीच जात नाही. हा दोष बिल्डरचा नव्हे, घाईचा आहे. पण पडद्यावर जे होते त्यात बिल्डरचा वाटा मोठा आहे. डेस्कटॉप, टॅबलेट आणि मोबाइल यांसाठी वेगवेगळे पिक्सेल ठरवून बसवलेली शीर्षके, ठराविक उंचीची बटणे, एकावर एक चढवलेले मजकुराचे थर जुन्या नावाच्या मापाने बेतलेले होते. नवे नाव आले आणि बटणातला शब्द तुटला, मोबाइलवर शीर्षक फोटोवर चढले. ब्लॉक एडिटरमध्ये अशी बारीक मापे देताच येत नाहीत म्हणून आपण कुरकुरतो. त्याच उणिवेमुळे तिथला मजकूर मुकाट्याने पुढच्या ओळीत जातो.

(बॅनरच्या जेपीजीत भाजलेले नाव हा तिसरा प्रकार. कोरलड्रॉमध्ये श्रीलिपीत टाइप करून चित्र म्हणून चढवलेले मराठी मथळे आजही आपल्या जिल्ह्यात चिकार आहेत. तिथे कोणताही एडिटर काही करू शकत नाही, आणि या सवयीला आता तरी मूठमाती द्यायला हवी.)

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की शहरांची नावे काही रोज बदलत नाहीत. खरे आहे, जरी उस्मानाबादचे धाराशिव याच सुमारास आणि अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये झाले, तरीही. पण फोन नंबर, संचालकांची नावे, जीएसटीचे दर, प्रवेशाच्या तारखा, उत्पादनांची मापे, डोमेन यांतले काही ना काही दर वर्षी बदलतेच. नामांतराने फक्त सगळ्यांचे बदल एकाच वेळी करायला लावले, म्हणून दुखणे उघड झाले. शिवाय हा बदल आंधळेपणाने करण्यासारखाही नव्हता. कंपनीचे नोंदणीकृत नाव, जुन्या प्रमाणपत्रांवरचे उल्लेख, ईमेलचे पत्ते, इतिहासाच्या पानावरचे मूळ नाव हे सगळे तसेच राहायला हवे होते. म्हणजे कुणीतरी प्रत्येक जागा डोळ्यांखालून घालणे भाग होते, आणि त्यासाठी आधी सर्व जागांची खरी यादी हातात यावी लागते. ती यादी देऊ न शकणारी साइट देखरेखीच्या दृष्टीने अपुरी, मग ती कितीही देखणी असो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: क्लायंटला स्वतः बदल करायचे असतात आणि त्याला ओढून-सोडायची सवय लागली आहे. एलिमेंटॉरमध्ये त्याला पान जसे दिसणार तसेच दिसते. ब्लॉक एडिटर मात्र २०१८ च्या ६ डिसेंबरला वर्डप्रेस ५.० मधून आला तेव्हा इतका अर्धवट होता, की लाखो लोकांनी ‘क्लासिक एडिटर’ प्लगइन चढवून त्याला दूर ठेवले. साइट एडिटर जानेवारी २०२२ मध्ये ५.९ सोबत आला आणि त्याचे मेनू अजूनही दर काही आवृत्त्यांनी जागा बदलतात. ही तक्रार आम्हाला मान्य आहे. नवख्याला शिकवताना हा एडिटर खरोखर त्रास देतो. मात्र क्लायंट काय बदलतो ते पाहा. त्याला नोटीस टाकायची असते, फोटो बदलायचा असतो, दर सुधारायचे असतात. रकान्यांची रुंदी त्याने बदलावी असे ना त्याला वाटते ना आपल्याला. ६.१ पासून ब्लॉकच्या गटाला असे कुलूप लावता येते की आतला मजकूर तेवढा बदलेल, मांडणी नाही. ही सोय आपल्याकडे फारशी वापरली जात नाही. ती वापरली, तर क्लायंटने पान ‘बिघडवल्याच्या’ निम्म्या तक्रारी मिटतील असा आमचा अंदाज आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो बोलून दाखवायला लोक लाजतात. इथले दर पुण्या-मुंबईच्या मानाने कमी, तयार टेम्पलेट घेऊन चार दिवसांत साइट दिली तरच परवडते. ठीक. पण टेम्पलेटच हवे असेल तर ब्लॉक थीमचे पॅटर्न आहेत. आपल्या कार्यालयाने हॉटेल, कारखाना आणि शाळा यांच्यासाठी दहा-वीस पॅटर्न एकदा बेतून ठेवले की वेग तोच राहतो. आणि चार दिवसांच्या त्या हिशेबात परवाना कुठे धरलेला असतो? प्रो बिल्डरचा परवाना वार्षिक, डॉलरमध्ये, आणि पुष्कळदा एजन्सीच्या नावावर. एजन्सी बदलली किंवा नूतनीकरण राहिले, की नव्या आवृत्त्या यायच्या थांबतात. थीमफॉरेस्टच्या थीमसोबत आलेल्या डब्ल्यूपीबेकरीचे अपडेट तर थीमवाला देईल तेव्हाच. नूतनीकरण राहिल्याने काय होते, याचे उदाहरण मार्च २०२३ चे आहे. एलिमेंटॉर प्रोच्या ३.११.६ पर्यंतच्या आवृत्त्यांत अशी फट सापडली, की वूकॉमर्स असलेल्या साइटवर साधा ग्राहक-खातेदारही सेटिंग्ज बदलून प्रशासक होऊ शकत होता. ३.११.७ मध्ये ती बुजवली गेली, पण ज्यांचा परवाना संपला होता त्यांच्यापर्यंत ती आवृत्ती आपोआप पोहोचली नाही. चोरीच्या ‘नल्ड’ प्रती वापरणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको.

वेगाचा मुद्दा आम्ही मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यावर आपल्या बाजूचे लोक जास्त बोलतात. जुन्या एलिमेंटॉरच्या पानात एका मथळ्याभोवती पाच-सहा डिव्ह असत, हे खरे. कंटेनर आल्यापासून ते बरेच कमी झाले, हेही खरे. गूगलची कसोटी मोठा घटक अडीच सेकंदांत दिसण्याची आणि प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत येण्याची आहे. ती चुकते तेव्हा गुन्हेगार बहुतेकदा चार एमबीचा फोटो आणि स्वस्त होस्टिंग असते. एडिटर बदलून ते सुटत नाही.

वर्डप्रेसच्या गाभ्यावर तरी किती विसंबायचे, असेही कुणी विचारेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये अॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स हे प्लगइन वर्डप्रेस डॉट ऑर्गने ज्या तऱ्हेने आपल्या ताब्यात घेतले, त्यानंतर हा प्रश्न अनाठायी नाही. पण आपला युक्तिवाद गाभ्याच्या चांगुलपणावर उभा नाही. उद्या ब्लॉक एडिटर बंद पडला तरी मागे एचटीएमएल उरते, जे कोणतीही दुसरी प्रणाली वाचेल. केडन्स किंवा स्पेक्ट्रासारखे जादा ब्लॉक मनसोक्त चढवले तर मात्र हा फायदा निम्मा जातो. पेज बिल्डरच मागच्या दाराने परत येतो. गाभ्यातले ब्लॉक पुरत असताना दुसरे घेऊ नयेत.

बिल्डरला जागा आहे. प्रदर्शनापुरते किंवा प्रवेशाच्या हंगामापुरते, तीन महिन्यांत उतरवायचे पान त्यात खुशाल करावे. ज्या क्लायंटचे देखरेखीचे वार्षिक कंत्राट आपल्याकडे आहे आणि ज्याला दर महिन्याला नवी मांडणी लागते, त्याच्याकडेही चालेल. परवाना मात्र त्याच्या नावाने घ्यावा आणि तसे कोटेशनमध्ये लिहावे. आज उभ्या असलेल्या साइट लगोलग उलटवायची गरज नाही. ‘संपर्क’, ‘आमच्याविषयी’ आणि सूचनांचे पान ही तीन पाने आधी ब्लॉकमध्ये आणावीत आणि पत्ता एका सिंक केलेल्या पॅटर्नमध्ये ठेवून सगळीकडे तोच वापरावा. मुखपृष्ठ बिल्डरमध्ये राहिले तरी पुढच्या रिडिझाइनपर्यंत थांबता येते. तोवर त्यावरचे जुने नाव मात्र पान उघडून, हातानेच बदलावे लागेल.