चरातील माती आणि माणसाचा जीव



नळाचे पाणी घरात येते, सांडपाणी घराबाहेर जाते. या दोन्हींसाठी कोणीतरी जमिनीत चर खणलेला असतो. त्या चरात उतरणाऱ्या मजुराचा विचार तुम्ही कधी केला आहे काय?

माती मऊ असते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढ्या मातीचे वजन सुमारे दीड टन भरते. चराची बाजू ढासळली, की पळायला वेळ मिळत नाही. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस, डोके बाहेर असूनही, मातीच्या दाबाने गुदमरू शकतो. आपल्याकडील काळी माती तर उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. काल घट्ट उभी असलेली बाजू आज कोसळू शकते.

यावरील उपाय साधे आहेत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सुरक्षा नियमांत ते दिलेले आहेत. चर दीड मीटर किंवा त्याहून खोल असेल, तर बाजूंना उतार द्यावा किंवा फळ्या व धिरे लावून त्या रोखून धराव्यात. खणलेली माती काठापासून निदान दीड मीटर दूर टाकावी. चरात शिडी ठेवावी. खोदाई वरून खाली करावी. खालून माती पोखरू नये.

"दोन तासांचे तर काम, फळ्या कशाला?" असे काही ठेकेदार म्हणतात. फळ्यांना पैसे लागतात, वेळही जातो, हे खरे. पण माती घड्याळ पाहून कोसळत नाही. फळ्या पुन्हा वापरता येतात. गेलेला माणूस परत येत नाही. अशा मृत्यूला 'नशीब' म्हणणे मला पटत नाही. उपाय माहीत असून तो केला नाही, तर दोष नशिबाचा नसतो, निष्काळजीपणाचा असतो. बांधकाम कामगारांसाठी संसदेने १९९६ साली स्वतंत्र कायदा केला. म्हणजे नियमांची उणीव नाही. उणीव आहे ती नियम पाळणाऱ्यांची.

तुमच्यापैकी कोणी उद्या मुकादम, ठेकेदार किंवा इंजिनिअर होईल. तेव्हा हे विसरू नका. आज मात्र एवढे करा. चराच्या काठावर उभे राहू नका. घरातील कोणी खोदाईच्या कामावर जात असेल, तर त्यांना हे नियम वाचून दाखवा. माती कोसळलीच, तर आत उडी घेऊ नका. मोठ्यांना बोलवा आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवा.

सकाळी चरात उतरलेला माणूस संध्याकाळी आपल्या मुलांकडे परतला पाहिजे. ही अपेक्षा फार मोठी आहे काय?