चालत नाही म्हणे!

जगातलं सगळ्यात आळशी वाक्य कुठलं, असं कुणी मला विचारलं (अद्याप कुणी विचारलेलं नाही), तर मी सांगेन : 'हे चालत नाही, नवीन घ्या.' घड्याळवाला हे म्हणतो, छत्रीवाला म्हणतो, आणि गेल्या महिन्यात आमच्या भाच्याच्या क्लासमधल्या सरांनीही हेच म्हटलं. तिथे 'नवीन घ्या' म्हणायची सोय नव्हती, म्हणून ते 'पोरगं गणितात चालत नाही' एवढ्यावरच थांबले.

हा भाचा गिटार वाजवतो. निदान त्याचं म्हणणं तसं आहे. त्याने घरीच 'फझ' नावाचं पेडल बनवायला घेतलं. चांगला आवाज मुद्दाम फाटका करून देणारी ही डबी. 'फझ फेस' या नावाने ती १९६६ साली लंडनमध्ये निघाली आणि जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली जाऊन अमर झाली. "आवाज फाटायला डबी लागते?" आमच्या हिने विचारलं, "तुमचे मामा आंघोळ करताना गातात, ते काय लावून?"

आत ऐवज म्हणाल तर दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन बटणं आणि ९ व्होल्टची बॅटरी. ट्रान्झिस्टर मी दिले. माळ्यावरच्या आमच्या वडिलांच्या रेडिओतून जर्मेनियमचे दोन एसी १२८ काढले. भाच्याने नकाशाबरहुकूम सगळं डाखलं, गिटार जोडली, तार छेडली. डबीतून पर्र, पर्र असा आवाज आला आणि सूर अर्ध्यातच मेला.

शेजारचे निवृत्त अभियंते बोलावले नसताना आले. म्हणाले, "ट्रान्झिस्टर गेलेत. फेका. बाजारात तयार मिळतं."

इथे माझं डोकं फिरलं. अहो, गेलेत म्हणजे काय? त्यांना उभं राहायला जागा दिलीत का तुम्ही?

ट्रान्झिस्टर म्हणजे झोपाळा समजा. सूर त्याला पुढेमागे झोका देतो. झोपाळा खोलीच्या मधोमध टांगला तर दोन्हीकडे झोका जातो. भिंतीला चिकटून टांगला तर एका बाजूला डोकं आपटतं. मधोमध टांगणं यालाच 'बायस' म्हणतात. या डबीत दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे ४.५ व्होल्ट मिळावेत अशी अपेक्षा असते. आम्ही मीटर लावला. ७ निघाले (तेही उणे, कारण या जातीत बॅटरीचं अधिक टोक 'अर्थ'ला जोडतात). झोपाळा भिंतीलाच होता!

नकाशात त्या जागी ८.२ किलोओहमचा रेझिस्टर. पण नकाशा काढणाऱ्याने आमचे ट्रान्झिस्टर पाहिले होते का? जर्मेनियमचे दोन दाणे सारखे निघत नाहीत. एकाचा गेन जास्त, दुसऱ्याची गळती जास्त. स्वस्त मीटर तर गळतीलाही गेनमध्येच धरतो. नुसता चिमटीत धरला तरी बोटांच्या उबेने आकडा चढतो. आपल्याला वाटतं, पोरगं हुशार आहे!

मग ८.२ चा रेझिस्टर काढून तिथे प्रीसेट बसवला. भाचा छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने फिरवू लागला. ७, ६, ५.५... आणि एकाएकी डबी बोलू लागली. सूर फुलला, लांबला. ४.५ ला तो गुळगुळीत झाला, पण भाचा म्हणाला, "मामा, थोडं मागे बरं होतं." पुन्हा ५ वर आणून तिथेच थांबला.

"पुस्तकात ४.५ आहे," अभियंते म्हणाले.

"पण कानाला ५ बरं लागतंय," भाचा म्हणाला. या मुलाला मी मोठ्या माणसाला उत्तर देताना प्रथमच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी डबी पुन्हा पर्र करू लागली. अभियंते आशेने डोकावले. पण भाच्याने ती खिडकीतल्या उन्हातून उचलून माठाशेजारी ठेवली आणि मीटर लावून बसला. उष्म्याने गळती वाढते, गळतीने बायस सरकतो. पंधरा मिनिटांत आकडा खाली आला, तेव्हा त्याने वहीत वेळ आणि व्होल्ट यांचा चक्क आलेख काढला. गणितात न चालणाऱ्या पोराने!

ती वही घेऊन मी उद्या सरांकडे जाणार आहे. पोरगं बिघडलेलं नाही, साहेब. तुमचा रेझिस्टर एकदा बदलून बघा. आणि नाहीच बदलायचा म्हणालात, तर डबी पिशवीत आहेच. लावून दाखवीन.