मिश्रणांचे विलगीकरण आणि राजहराचा दगड

शालेय रसायनशास्त्रात मिश्रणांच्या विलगीकरणाचा धडा आरंभीच येतो, आणि परीक्षा संपताच तो सर्वांआधी विसरला जातो. हा दोष विद्यार्थ्यांच्या स्मरणशक्तीचा नव्हे. निवडणे, पाखडणे, चाळणे, निवळणे, गाळणे, बाष्पीभवन, ऊर्ध्वपातन, संप्लवन अशी नावांची माळ त्यांच्याकडून पाठ करून घेतली जाते. कोणती रीत कोठे चालते आणि कोठे फसते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

लोखंडाचा कीस आणि गंधक यांच्या मिश्रणावरून लोहचुंबक फिरविण्याचा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. भिलाईतील खुर्सीपार ही पोलादाच्या कारखान्यालगतची वस्ती. तेथील एखाद्या मुलाने हा प्रयोग पाहून, राजहराच्या डोंगरातील लोखंडही असेच मोठ्या चुंबकाने ओढून काढीत असतील, असा समज करून घेतला तर त्याला हसण्याचे कारण नाही. शिकविले तेवढेच त्याने पुढे नेले. परंतु राजहराचा दगड मुख्यतः हेमॅटाइटचा आहे, आणि साधा चुंबक हेमॅटाइटला हलवीतही नाही. शाळेत त्या दगडाची पूड आणि कीस शेजारी ठेवून दोहोंवरून एकच चुंबक फिरविला, तर मिश्रण आणि संयुग यांतील भेद पाठ करण्याची गरज उरणार नाही.

कारखान्यापासून दक्षिणेस ऐंशी-नव्वद किलोमीटरांवरील दल्ली-राजहरा येथे खनिज फोडतात, चाळतात आणि धुतात. हे धुणे महाराष्ट्रातील कोणत्याही गृहिणीस अपरिचित नाही. डाळ-तांदळातील खडे काढण्यासाठी ती धान्य पाण्यात रोळते. हलके दाणे पाण्याबरोबर पुढे जातात, जड खडा तळाशी राहतो. सोनाराच्या दुकानातील केर धुऊन सोन्याचे कण शोधणारा झारेकरी याच भेदावर पोट भरतो. खाणीवर चिकणमातीचे सूक्ष्म कण पाण्याबरोबर वाहून जातात आणि खनिज मागे राहते. ही माती आधीच काढावी लागते. तिच्यातील ॲल्युमिना भट्टीत गेले तर मळी घट्ट होते आणि कोळसा अधिक जळतो.

येथवर विलगीकरण झाले. लोखंड मात्र अजून हाती आलेले नसते. शुद्ध हेमॅटाइटमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के लोह असते, पण ते ऑक्सिजनशी बांधलेले असते, आणि कोणतीही चाळणी ते बंधन सोडवू शकत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून तेथे हे बंधन कार्बन मोनॉक्साइडच्या साहाय्याने तोडले जात आहे. ही रासायनिक क्रिया होय. गंमत अशी, की ती आटोपताच पुन्हा स्वयंपाकघरातली रीत उपयोगी पडते: वितळलेले जड लोखंड तळाशी बसते, हलकी मळी वर तरंगते आणि दोन्ही द्रव वेगवेगळे काढून घेता येतात. त्या मळीपासून पुढे सिमेंट होते.

कोक भट्ट्यांची कथा याहून मोठी आहे. हवेवाचून तापविलेल्या कोळशातून निघणारा वायू थंड केला की डांबर मिळते. अमोनिया गंधकाम्लात अडकवून खत करतात. बेंझीन ८० अंशांस आणि टोल्युईन ११० अंशांस उकळते, एवढ्या अंतरावर ऊर्ध्वपातनाचे उंच मनोरे उभे राहतात. वर्गातील संप्लवनाच्या प्रयोगातले नॅप्थॅलीनही याच डांबरातून येते, हे पाठ्यपुस्तकाने एका वाक्यात सांगितले असते तरी चालले असते.

पाठ्यपुस्तकांतील सर्वांत गंभीर उणीव ‘शुद्ध’ या शब्दाच्या सैल वापरात आहे. झोतभट्टीतून निघालेल्या वायूचा वेग मोठ्या पात्रात मंदावला की जाडी धूळ खाली पडते आणि बारीक धूळ पाण्याने धुतली जाते. मग त्यास स्वच्छ वायू म्हणतात. तो धुळीपुरता स्वच्छ असतो. त्यातील एक पंचमांश किंवा त्याहूनही अधिक भाग कार्बन मोनॉक्साइडचा असतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याला रंग नाही आणि वासही नाही. जून २०१४ मध्ये भिलाईच्या कारखान्यात वायूच्या गळतीने सहा जण प्राणास मुकले. ज्या वस्तीतील घराघरांतून माणसे अशा कामावर जातात, तेथील मुलास ‘शुद्ध, पण कशापासून?’ हा प्रश्न विचारण्याची सवय शाळेनेच लावावयास हवी. गाळलेले पाणी आणि पिण्यास योग्य पाणी यांतील अंतरही हेच आहे.

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक तराजू पुरे. वाळू आणि मीठ यांचे मिश्रण आधी तोलावे, वेगळे केल्यावर दोन्ही पुन्हा तोलावे, आणि जे कमी भरेल ते कोठे गेले याचा शोध मुलांनी घ्यावा. आज बहुतेक ठिकाणी गाळणकागदावर काही दिसले, की प्रयोग संपला असे समजतात.

दल्लीच्या खनिजातून धुऊन गेलेला लाल गाळ हितकसा येथील बंधाऱ्यात साठत आला आहे. त्यात लोहखनिज शिल्लक असते. पण कणाचा व्यास दहापट घटला की पाण्यात बसण्याचा त्याचा वेग शंभरपट घटतो, म्हणून रोळण्याची रीत तेथे थकते. अशा गाळासाठी दुसरा गुणधर्म शोधावा लागतो. हेमॅटाइटला साधा चुंबक ओढीत नसला, तरी अतिशय प्रबळ चुंबकीय क्षेत्र किंचित ओढते, आणि त्या किंचित ओढीवर चालणारी यंत्रे आता लोहखनिजाच्या गाळासाठी वापरली जातात. खुर्सीपारच्या त्या मुलाला हेही सांगितले पाहिजे.