पाटी नवी लावा, जुने नाव पुसू नका

१/ शिरूरला ‘घोडनदी’ म्हणणारी माणसे आजही भेटतात. शेजारच्या दौंडचे ब्रिटिशकालीन रेल्वेच्या इंग्रजी कागदांतील रूप ‘धोंड’. १८७८ साली सुरू झालेला लोहमार्ग तेथे ‘धोंड–मनमाड’ आहे. ही नावे ज्याला ठाऊक नाहीत, त्याला स्वतःच्याच गावाचा इतिहास दप्तरात सापडत नाही. आजचा वाद याच कारणासाठी, मुंबईतील एका इमारतीवरून.

२/ आधी तिच्या जवळचे मंत्रालय पाहू. १९५५ साली ते उघडले ‘सचिवालय’ म्हणून. १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ते ‘मंत्रालय’ झाले. सचिवांच्या जागी लोकांनी निवडलेले मंत्री नावात आले. त्या नामांतरामागे निदान एक विचार होता.

३/ २१ जून २०१२ च्या भीषण आगीनंतर या वास्तूचे मोठे नूतनीकरण झाले. नाव मात्र तेच राहिले. म्हणजे भिंती नव्या झाल्या की नावही नवे हवे, हा काही नियम नव्हे.

४/ आता नरिमन पॉइंटची ‘एअर इंडिया’ इमारत. १९७४ ची, २३ मजली. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटमालिकेतील एक स्फोट येथे झाला. येथे माणसे मेली. २०२४ मध्ये केंद्राने ती १६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र शासनाला देण्यास मान्यता दिली.

५/ आक्षेप ठरलेला आहे: ‘२०२२ पासून एअर इंडिया टाटांची. सरकारी कचेरीवर खासगी कंपनीचे नाव कशाला?’ आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण ही वास्तू सार्वजनिक मालकीच्या काळातली आहे. कंपनी विकली गेली, तेव्हा इमारत तिच्यासोबत गेली नाही. ते नाव येथे कुणाची जाहिरात करत नाही. ते जनतेच्या पैशाने उभ्या राहिलेल्या वास्तूची साक्ष देते.

६/ तरीही नवे नाव द्यायचेच असेल, तर प्रवेशद्वारी एक शिलालेख हवा: जुने नाव, बांधकामाचे वर्ष, १२ मार्च १९९३, खरेदीची रक्कम. देवळाच्या जीर्णोद्धारातही जुना शिलालेख फेकून देणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो. शासनाला वेगळा न्याय का?

७/ उद्याचा अभ्यासक १९९३ ची वृत्तपत्रे उघडेल, तेव्हा त्याला ‘एअर इंडिया इमारत’ एवढेच शब्द भेटतील. ती इमारत कोणती, हे त्याला तिच्या दारातच कळले पाहिजे.