“मुले बघतील” म्हणू नका, लिहून ठेवा

मरणाचा विषय निघाला की आपल्या घरांत “अभद्र बोलू नये” म्हणून बोलणाऱ्याचे तोंड बंद करतात. आम्ही आयुष्य रुग्णशुश्रूषेत घालविले. या गप्प बसण्याचा आम्हांस राग येतो, कारण त्याची किंमत रुग्ण आणि त्याची मुले भरतात.

“मुले बघतील!” हे पहिले उत्तर. पण मुले आहेत कोठे? एक अश्दोदला, एक ठाण्याला, एक येथे बॉथेलला. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याप्रमाणे प्रतिनिधी नेमलेला नसेल आणि जोडीदारही हयात नसेल, तर निर्णय सज्ञान मुलांकडे जातो आणि उपलब्ध असलेल्या सर्व मुलांचे एकमत व्हावे लागते. अतिदक्षता विभागाच्या दाराशी भांडणारी भावंडे आम्ही पाहिली आहेत. बापाचे मन आपल्यालाच ठाऊक, असे प्रत्येकाला वाटे. बाप मात्र नळ्यांत निपचित!

“हे म्हाताऱ्यांचे काम,” हे दुसरे उत्तर. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला, तेव्हा ती २५ वर्षांची होती. १८ मे २०१५ रोजी वारली, तोवर ती अंथरुणालाच खिळून होती. तेथील परिचारिकांनी केलेल्या सेवेपुढे आम्ही मान लववितो. परंतु २०११ साली सर्वोच्च न्यायालयात तिच्या जगण्यामरण्यावर सर्व बोलले. तिचा स्वतःचा शब्द तेवढा नव्हता. पुढे ९ मार्च २०१८ रोजी त्याच न्यायालयाने भारतातही अशा लेखी इच्छेस मान्यता दिली.

“मरण देवाच्या हाती,” हे तिसरे उत्तर. खरेच आहे. म्हणूनच मरण ओढून आणणे आपल्या धर्मात निषिद्ध. पण शुल्हान आरूखवर १६ व्या शतकात टीपा लिहिणारे रब्बी मोशे इस्सर्लिस हेही सांगतात की, जवळच्या लाकूडतोड्याच्या आवाजाने जीव अडकून राहिला असेल, तर तो आवाज थांबविण्यास हरकत नाही. आजचे कोणते यंत्र औषध आणि कोणते नुसता आवाज, हे आपल्या रब्बींना विचारा आणि मग लिहा. शेवटपर्यंत सर्व उपचार हवे असतील, तर तसेही लिहा. शेमा म्हणावा, दहन नको, दफनच करावे, हेही लिहा. येथील रुग्णालयास आपल्या चालीरीती कशा कळणार?

येथे वकील लागत नाही. कोणते उपचार हवे-नको ते लिहा, आपल्या वतीने बोलणारा एक माणूस नेमा. रक्ताचे वा लग्नाचे नाते नसलेल्या आणि वारस नसलेल्या दोन साक्षीदारांसमोर, किंवा नोटरीसमोर, सही करा. अठरा वर्षे पुरी झालेल्या नातवंडांनाही सही करावयास लावा. प्रती डॉक्टरांना आणि प्रत्येक मुलाला द्या. फडताळात कुलूपबंद ठेवलेला कागद मध्यरात्री कोणाच्याही उपयोगी पडत नाही.