पाजायचे केव्हा, तेही सांगा

दर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह येतो. जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत बायांना गोळा करून सांगितले जाते, सहा महिने फक्त अंगावरचे दूध पाजा. सल्ला शंभर टक्के खरा आहे. आमचा प्रश्न एवढाच, की त्यासाठी वेळ कोण देणार?

आधी विज्ञान समजून घेऊ. आईच्या दुधात जिवंत जिवाणू असतात. शिवाय त्यात अशा काही शर्करा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूंचे खाद्य आहेत. हे जिवाणू आतड्यात आम्ल तयार करतात आणि जुलाबाच्या जंतूंना थारा देत नाहीत. आणि आपल्याकडे काय चालते? पहिला पिवळा चीक 'खराब' म्हणून पिळून टाकायचा, बाळंतिणीचा विटाळ पाळायचा, बाळाला मध चाटवायचा. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरांतही आम्ही हे पाहिले आहे. विटाळाचे हे खूळ मनूचे, ते आपल्या पाळण्यापर्यंत का येऊ द्यायचे?

पण सगळा दोष आईच्या अज्ञानावर ढकलून मोकळे होणाऱ्यांनाही आम्ही सोडणार नाही. रावेर-यावलकडे निंदणीला जाणारी बाई तान्हे मूल दिवसभर सासूकडे ठेवते. चाळीसगाव, साक्रीकडची जोडपी ऊसतोडीला निघतात. बाई एक दिवस फडावर गेली नाही की खाडा कापला जातो. मग बाळाच्या तोंडी साखरपाणी. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहे, छान आहे. पण हिरकणी गडाच्या बंद दरवाजामुळे अडकली होती. आमची आई मुकादमाच्या उचलीत अडकली आहे.

२८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली. बाळंतिणीची विश्रांती ही देशहिताची बाब आहे आणि तिचा भार सरकारने व मालकानेही उचलावा, ही त्यांची मांडणी होती. १९२९ चा कायदा कारखान्यांपुरता राहिला. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली, म्हणजे बरोबर सहा महिने. पण कोणाला? पगारपत्रकावर नाव असणारीला. मजूर बाईला मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, तेही हप्त्यांनी. १८२ दिवसांनी भागा. रोजचे साडेसत्तावीस रुपये होतात.

म्हणून ग्रामसभेत ठराव मांडा : प्रत्येक मजूर आईला सहा महिने किमान वेतन. आणि ऑगस्टात बॅनर घेऊन साहेब आले की त्यांच्यासमोर हाच भागाकार करून दाखवा.