संप्रेरकांची भीती आणि वेळेचे भान

रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक उपचारांवर जुलै २००२ मध्ये पडलेले भीतीचे सावट अजून पुरते हटलेले नाही. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीत १६,६०८ स्त्रियांपैकी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या आणि स्तनांचा कर्करोग वाढल्याचे दिसले आणि ती थांबवली गेली. मात्र सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हे त्या गदारोळात मागेच पडले.

इस्ट्रोजेन रक्तवाहिनीच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड वाढवते. त्यामुळे वाहिनी सैलावते, रक्तप्रवाह सुधारतो. पण त्यासाठी अस्तर निरोगी हवे, म्हणून उपचार कधी सुरू होतो हे महत्त्वाचे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एलिट’ चाचणीत इस्ट्रोजेन घेणाऱ्यांपैकी पाळी थांबून सहा वर्षे न झालेल्यांत मानेतील धमनीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला. दहा वर्षे उलटलेल्यांत फरक पडला नाही. औषध कसे घेतले जाते, हेही महत्त्वाचे. गोळी यकृतातून जाताना रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेवरील पट्टी किंवा जेलमध्ये गुठळ्यांचा धोका कमी दिसतो.

म्हणून हृदयविकार टाळण्यासाठी हे औषध सरसकट देणे चूक, तसेच अंगातून वाफा निघून झोप उडालेल्या पन्नाशीच्या बाईला ‘वयाचेच आहे, सोसा’ म्हणून परत पाठवणेही चूक. भारतात पाळी पाश्चात्त्य देशांपेक्षा लवकर थांबते. तेव्हा वय, रक्तदाब, कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास तपासून डॉक्टरांनी वेळीच मोकळेपणाने बोलावे, आणि बायकांनीही संकोच सोडून विचारावे.